जूनमध्ये ३१ मुली, ऑगस्टमध्ये ११. खोखोची टीम टिकवायची कशी?

पीटीवाले_सर

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला मी क्रीडाशिक्षक आहे (शाळेचं नाव टाकत नाही, हेडसरही अधूनमधून इथं वाचत असतात). दोन महिने झाले एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० ने हरवलं, कॅप्टन प्रियांका इंगळे मूळची आपल्याच जिल्ह्यातली. त्याची हवा एवढी होती की जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी नुसतं फळ्यावर लिहिलं की खोखोची नावं द्या, तर सातवी ते नववीच्या ३१ मुली आल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आणि आज ऑगस्टचा तिसरा आठवडा, काल ग्राउंडवर मोजल्या तर ११. त्यातल्या सातवीच्या सात, आठवीच्या दोन, नववीच्या दोन. मुलांच्या कबड्डीला जूनमध्ये २६ होते, आजही २४ आहेत, आणि त्यांच्यासाठी मी वेगळं काहीच केलेलं नाही.

मुलींसाठी मात्र बरंच केलं. माजी विद्यार्थ्याकडून किट मिळवलं, हाफ पँट आणि पांढरे टीशर्ट, पाठीवर नंबर वगैरे छापून. पालकसभा घेतली, नऊ वडील आले आणि एक आई. त्यांना दहावीच्या ग्रेस मार्कांचं सांगितलं, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं ते सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला, गेले. शिस्त लागावी म्हणून उशिरा येणारीला पाच राउंड असा नियमही केला. काही उपयोग नाही.

एक मुलगी आहे नववीतली, माझी सगळ्यात भारी चेझर. खांबाकडे पळणाऱ्या रनरच्या मागे ती असा सूर मारते की समोरचीला आऊट झाल्याचं शिट्टी वाजल्यावर कळतं. नऊ दिवस आली नाही. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाली पोटात दुखतंय सर. दुसऱ्यांदा म्हणाली घरी काम असतं. तिसऱ्यांदा विचारलं तर काहीच बोलली नाही, चपलेचा अंगठा बघत उभी राहिली, आणि मला स्वतःचीच लाज वाटली की आपण पोरीला चोरासारखं उभं करून काय विचारतोय.

स्टाफरूममध्ये म्हणतात, मुली मोठ्या झाल्या की हे होतंच, मनावर घेऊ नका. मला हे पटत नाही. सातवीत जी मुलगी ग्राउंड गाजवते तिचा नववीत खेळातला जीव आपोआप कसा काय जातो?

तर मुलींना सोयीचं, त्यांना टिकवून धरेल असं काहीतरी बसवायचंय. कोणी असं केलंय का? माझी अडचण ही की मी पुरुष, काही गोष्टी मला विचारताच येत नाहीत, आणि आमच्या शाळेत खेळाला लेडी टीचर नाही. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर पाच ते सव्वासहा. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींची मानव विकासची निळी बस (शाळेच्या मुलींसाठीची सरकारी बस) सव्वापाचला जाते, त्यानंतर पावणेसातला लालपरी, म्हणजे साधी एसटी असते. पैसे फारसे नाहीत हे सांगायला नकोच.


खोखोची_खुळी

सर, तुमच्या पोस्टच्या शेवटच्या तीन ओळी परत वाचा. बस सव्वापाचला आणि प्रॅक्टिस पाच ते सव्वासहा. निम्मं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय की! पावणेसातच्या लालपरीने जाणारी मुलगी फाट्यावर उतरेपर्यंत अंधार, तिथून वस्तीपर्यंत अजून चालायचं. मुलगा चालत जाईल किंवा कोणाच्या तरी गाडीवर बसून जाईल, मुलीला ते दोन्ही चालत नाही. हे तिला तुम्हाला सांगताही येत नाही कारण सांगितलं तर तुम्ही घरी फोन करणार आणि फोन केला की घरचे म्हणणार मग नकोच ते.

मी धाराशिवकडची, शाळेत असताना राज्यापर्यंत खोखो खेळले, आता पुण्यात नोकरी करते. आमच्याकडे सारिका काळेला २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी ऑफिसात बसून रडले होते, तर खोखो माझ्यासाठी काय आहे ते समजून घ्या. आणि तरीही मी नववीत सात महिने खेळणं सोडलं होतं. कारण सांगू? शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली क्लार्कच्या टेबलामागच्या खिळ्याला. म्हणजे जायचं असेल तर ऑफिसात चार सरांच्या देखत किल्ली मागायची, आणि परत आणून लावायची. पाळी चालू असताना दिवसातून दोनदा ती किल्ली मागणं म्हणजे लाऊडस्पीकरवरून सांगितल्यासारखंच. मी काय करायचे, सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. मग प्रॅक्टिसला चक्कर यायची, मग सर ओरडायचे की जोर नाही. शेवटी सोडूनच दिलं. नंतर एक शिपाई मावशी आल्या, त्यांनी ती किल्ली स्वतःच्या कमरेला लावली आणि माझा खेळ परत सुरू झाला. खरं सांगते, त्या मावशींना माहितही नसेल.

दुसरं, ते किट. राग मानू नका सर, पण पांढरा टीशर्ट आणि हाफ पँट कोणी निवडली? घामाने पांढरा टीशर्ट पारदर्शक होतो आणि शेजारी २४ मुलं कबड्डी खेळतायत. चौकात बसायचं, उठायचं, सूर मारायचा, सगळं त्यांच्यासमोर. सातवीतलीला त्याचं काही वाटत नाही, नववीतलीला वाटतं. गडद रंगाचा जरा ढगळ टीशर्ट आणि आत गुडघ्याखालपर्यंत लेगिंग किंवा ट्रॅकपँट, एवढं करा. ज्यांना हाफ पँट आवडते त्यांना तीच घालू द्या, पण एकच सक्ती नको.

आणि विचारता येत नाही म्हणता ना, तर विचारू नका. वर्गात चिठ्ठ्या वाटा, नाव लिहायचं नाही, दोनच प्रश्न: खेळायला का येत नाही, आणि काय केलं तर येशील. डबा एखाद्या मुलीलाच फिरवू द्या, तुम्ही वर्गात थांबू नका. जे येईल ते वाचा, आणि वाचून एक तरी गोष्ट आठवड्याभरात बदला, नाहीतर पुढच्या वेळी कोणी लिहिणार नाही.

ते पाच राउंड आजच्या आज बंद करा. उशिरा येणारी एखादी धाकट्या भावाला घरी सोडून येत असेल, तिला कसली शिक्षा करता?


लेकीची_माय

मी खेळाडू बिळाडू नाही. लातूरकडची हाय, लेक आठवीत खोखोला जाती म्हणून लिहायले. आईकडून पण कुणीतरी सांगायला पाहिजे.

सर, तुम्ही पालकसभा कधी घेतली? शनिवारी दुपारी घेतली असल तर त्या वक्ताला आम्ही रानात राहतो, खुरपणीचे दिवस. बाप मोकळा असतो म्हणून बाप येतो, आणि घरी येऊन सांगतो काय, तर सर चांगले हायेत. बस. पोरीला पाठवायचं का नाही हे शेवटी आईवर येतं, कारण ती ग्राउंडवर गेली की संध्याकाळचं पाणी भरणं, भाकरी, धाकटं लेकरू, सगळं माझ्या अंगावर. माझी ना नाही हो पण मी पण दिवसभर वाकलेली असते. त्यामुळं पोरगी विचारती तेव्हा तोंडातून नको असं आधी निघतं आणि मग मागून वाईट वाटतं.

आमच्या लेकीच्या मॅडमनी काय केलं सांगते. सभा घेतलीच नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही सगळ्या बाया तालुक्याला जातोच, तर त्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर पोरींची मॅच ठेवली आणि निरोप धाडला, बाजार झाला की पिशव्या घेऊन या, अर्धा तास बसा. मी गेले. माझी पोरगी घरात ताट घ्यायला उठत नाही आणि तिथं बघते तर चित्त्यावाणी पळायली! शेजारची म्हणली ही तुझी का, मी म्हणले हो माझीच. माझी सासू पण होती सोबत. सासूचं आधी रोजचं चालायचं, उन्हात काळी पडली, गुडघे फोडून घेतले, उद्या बघायला आलेल्याला काय दाखवायचं. त्या दिवशी रस्त्यात येताना म्हातारी म्हणली, त्या दुसऱ्या टीमच्या पोरीनं आपलीला उगंच धक्का दिला, सरानं बघितलंच नाही. तवापासून म्हातारीच विचारती आज प्रॅक्टिस न्हाई का.

अजून एक, पोरी घरी एकेकट्या येऊ देऊ नका. एका वाटेच्या पोरींचा गट करा, शेवटच्या घरची पोहोचली की कुणाच्या तरी फोनवरून मेसेज. एवढं असलं की आमच्या जिवाला घोर नाही लागत.


रांगडा_गडी_कोल्हापूर

एवढे लाड केल्यावर खेळाडू तयार होत असतात काय ओ? लेगिंग काय, चिठ्ठ्या काय. कविता राऊत सावरपाड्यासारख्या पाड्यावरनं आली, तिला कुणी विचारलं होतं काय बाई तुला काय पाहिजे म्हणून, तरी २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलंच की. आमच्या शेजारी सांगलीची प्रतीक्षा बागडी, २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, कुस्तीत. जिच्यात दम असतो ती येतीच. सरांनी त्या ११ पोरींवर मेहनत घ्यावी, बाकीच्यांच्या मागं लागून वेळ कशाला घालवायचा. माझं स्पष्ट मत.


खोखोची_खुळी

दादा, तुमच्याच भाषेत सांगते. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर, आधी खोखोच खेळायची, मग पळायला लागली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकात स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला दहावी आली. तिचं नाव आपण सगळे घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण खोखोच्या टीमला नऊ जणी असतात. बाकीच्या आठ कुठं गेल्या हे कोणी कधी विचारलंय का? जिच्यात दम असतो ती येते असं नाही, जिला घरून सोडतात ती येते. त्या ११ मध्ये दम असलेल्या आहेत की शाळेच्या गावातच राहणाऱ्या आहेत ते सरांनाच विचारा.

आणि लाडाचं म्हणाल तर मुलांचे लाड दिसत नाहीत कारण ते आधीपासूनच झालेले असतात. ग्राउंड त्यांचं, वेळ त्यांची, घरी आल्यावर ताट तयार.


पीटीवाले_सर

हे वाचून आज हजेरी घेऊन बसलो. ११ पैकी ९ गावातल्याच आहेत. माझी ती चेझर साडेसात किलोमीटरवरच्या वस्तीवरची. दोन महिने हे रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं.


रांगडा_गडी_कोल्हापूर

बरं बाई, वेळेचं पटलं. लेगिंगचं अजून पटलं नाही.


गुडघे_डॉक्टर

फिजिओ आहे, नाशिकला प्रॅक्टिस, शाळांच्या मुली बऱ्याच येतात, त्यावरून थोडं.

सर तुम्ही लिहिलंय जोर कमी पडतो, दमतात वगैरे (नाही, ते खोखोताईंनी लिहिलंय, पण तुमच्याकडेही असणारच). आधी रक्त बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के अॅनिमिक निघाल्या, म्हणजे दहात सहा. तुमच्या टीमचा निम्म्याहून जास्त स्टॅमिना तिथंच अडकलेला असू शकतो, आणि आपण त्याला आळस म्हणतो. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी यायला हवी, ती येते का आणि मुली खरंच गिळतात का की खिडकीतून बाहेर जाते ते पाहा. मळमळतं म्हणून टाकून देतात बऱ्याच जणी. उपाशीपोटी द्यायची नाही, जेवणानंतर द्यायची, आणि त्यावर लगेच चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू चालेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन फुकट होतं, एकदा सगळ्यांचं करून घ्या. आकडा मात्र सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका, ही चूक मी पाहिलेली आहे.

खाणं. शाळेतली खिचडी किंवा डबा दुपारी, प्रॅक्टिस पाचला, मधे काही नाही, आणि घरी रात्री सगळ्यांचं झाल्यावर ताटात जे उरेल ते. त्यात पळायचं कुठून? मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, प्रॅक्टिसच्या अर्धा पाऊण तास आधी, एवढ्याने फरक पडतो. तीस मुलींना रोज फार खर्च येत नाही, गावातला एखादा किराणावाला आनंदाने देईल.

आता पाळी. त्या दिवसांत खेळायचंच नाही हेही खोटं आणि खेळलंच पाहिजे हेही खोटं. बरं वाटत असेल तर खेळावं, पोटात कळा असतील तर हलकं चालणं, स्ट्रेचिंग, स्कोअर लिहायला बसणं. फक्त ते मुलीने ठरवायचं, आणि कारण न सांगता ठरवता आलं पाहिजे. मी एका शाळेला सुचवलं होतं की मुलीने आल्यावर नुसतं "आज हलकं" म्हणायचं, पुढे प्रश्न नाही. ताप असो, पाळी असो, मूड नसो, शब्द एकच. सुरुवातीला दोन आठवडे सगळ्याच आज हलकं म्हणाल्या :) मग आपोआप जागेवर आलं. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा, भरपूर प्रॅक्टिस करणाऱ्या मुलीची पाळी तीन तीन महिने येत नसेल तर ते फिटनेसचं लक्षण नाही, खाणं कमी पडतंय, हाडांवर परिणाम होतो, डॉक्टरकडे पाठवा.

शेवटचं माझ्या धंद्याचं. वयात येताना मुलींच्या गुडघ्यातल्या लिगामेंटला इजा होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. खोखोत तर दर सेकंदाला दिशा बदलायची, ब्रेक मारायचा. उडी मारून उतरताना मुलीचे गुडघे आत वळतात का हे मोबाईलवर समोरून शूट करून बघा, तिलाच दाखवा. एका पायावर उभं राहणं, अर्धी बैठक, उडी मारून मांजरासारखं आवाज न करता उतरणं, हे रोज पंधरा वीस मिनिटं. फिफाचा ११ प्लस म्हणून वॉर्मअप आहे, फुटबॉलचा आहे पण बराचसा तुम्हालाही चालेल. आणि स्पोर्ट्स ब्रा हा शब्द इथं कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. अर्ध्या मुली धावायला लाजतात त्याचं कारण तेवढंच असतं. हे तुम्ही बोलू नका, एखाद्या मॅडमना किंवा नर्स ताईंना बोलायला सांगा, पण बोललं गेलं पाहिजे.


मैदानावरची_मावशी

मुंबईत वस्त्यांमध्ये मुलींच्या कबड्डीवर बारा वर्षं काम करतेय. गाव वेगळं, शहर वेगळं, पण तुमची पोस्ट वाचून वाटलं आमचीच २०१३ ची डायरी वाचतेय.

आमच्याकडे पहिला प्रश्न मैदानाचा. मैदान म्हणजे मुलांचं हे इतकं पक्कं की मुली मैदानाच्या कडेकडेने चालायच्या, मधून कधीच नाही. मुंब्र्यात परचम संस्थेच्या मुलींनी फुटबॉल सुरू केलं तेव्हाही जागेचाच झगडा होता, मुलींनी सह्या गोळा केल्या वगैरे. तुम्ही शाळेत आहात त्यामुळे हे तुमच्या हातात आहे: आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वेळेला पूर्ण ग्राउंड मुलींचं, आणि मुलांची कबड्डी त्या वेळी दुसरीकडे. बायकांच्या कबड्डीचं ग्राउंड तसंही १२ बाय ८ मीटरचंच असतं, मावतं कुठंही, पण कोपऱ्यात मावतं म्हणून कोपराच देऊ नका.

दुसरं, सगळ्यांना स्पर्धेला जायचं नसतं. हे क्रीडाशिक्षकांना पचायला जड जातं. नाझ फाउंडेशनचा 'गोल' (Goal) नावाचा कार्यक्रम आहे, २००६ ला दिल्लीत सुरू झालं, नंतर मुंबईतही आलं. नेटबॉल खेळायचं आणि त्याच सत्रात आरोग्य, पैसे, हक्क यावर बोलायचं. तिथं मुलगी नेटबॉलपटू होईल अशी अपेक्षाच नाही. आम्हीही खेळ संपला की दहा मिनिटं गोल करून बसतो. पहिले कित्येक महिने मुली नुसत्या खिदळायच्या, मला वाटायचं वाया चाललंय. मग एकदा एकीने सांगितलं की क्लासला जाताना कोण मागे येतं. ते ती त्या गोलातच बोलू शकली, घरी नाही, वर्गात नाही.

म्हणून दोन पातळ्या ठेवा. ज्यांना स्पर्धा खेळायचीय त्यांची टीम. बाकीच्यांना नुसतं खेळायचं, लंगडी, डॉजबॉल, रस्सीखेच, काहीही. आणि दोन्हीकडून ये-जा मोकळी. आमची सगळ्यात चांगली रेडर दोन वर्षं फक्त लंगडी खेळत होती.

लेडी टीचर नाही म्हणता, तर दहावी-अकरावीतल्या जुन्या खेळाडू मुलींनाच असिस्टंट करा. शिट्टी त्यांच्या गळ्यात द्या. मुलगी शिट्टी वाजवते आणि सगळं ग्राउंड थांबतं हे एकदा बघितलं की लहान मुलींच्या चेहऱ्यावर काय येतं ते सांगता येत नाही.

आणि सर, तुम्ही चांगले आहात हे पोस्टवरून दिसतंय, तरीही हे लिहिते कारण प्रत्येक पुरुष कोचला लिहिते. मुलीला एकटीला थांबवून घ्यायचं नाही. पोझिशन दाखवायला हात लावायच्या आधी विचारायचं, शक्यतो दुसऱ्या मुलीकडून करून दाखवायचं. मेसेज मुलीला नाही, पालकांच्या ग्रुपवर. स्पर्धेला बाहेरगावी जाताना एक बाई सोबत, कोणी नसेल तर एखाद्या मुलीची आई न्या, तिचा जेवणाखर्च काढा. शाळेत २०२२ पासून सखी सावित्री समिती (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची) असायला हवी, ती कागदावर आहे की खरी आहे ते बघा आणि तिच्यातल्या एका ताईचा नंबर मुलींना पाठ असू दे. यात तुमच्यावर अविश्वास नाही. नियम असले की आयांना पाठवायला सोपं जातं आणि उद्या कोणी काही बोललं तर तुम्हीही सुरक्षित.


पीटीवाले_सर

मंडळी, उशिरा लिहितोय त्याबद्दल माफी. सप्टेंबरात पावसाने आपल्या भागाला जे झोडपलं ते सगळ्यांना माहितीये, ग्राउंडचं तळं झालं होतं, तीन आठवडे काहीच नाही. मग परीक्षा, दिवाळी. आता सांगतो काय झालं.

चिठ्ठ्या केल्या. ६४ आल्या. बसचं सगळ्यात जास्त जणींनी लिहिलं होतं. मग शेजारच्या मुलांचं हसणं, मग घरकाम. एका चिठ्ठीत फक्त "पांढरा" असं लिहिलं होतं, एकच शब्द. खोखोताई, तुमची आठवण आली. आणि एकीने लिहिलं होतं "सर चांगले आहेत पण लई ओरडतात." अक्षर ओळखलं मी, पण बोललो नाही.

प्रॅक्टिस आता शाळा भरायच्या आधी. निळी बस सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी येते आणि शाळा साडेदहाला, म्हणजे तासभर मुली नुसत्या व्हरांड्यात बसून असायच्या आणि मी त्या वेळी घरी पेपर वाचत असायचो! हा तास सरळ मुलींना दिला, मुलांची कबड्डी संध्याकाळीच ठेवली. हेडसरांचं म्हणणं पडलं की सकाळी खेळून मुली वर्गात झोपतील. महिनाभर बघू म्हणालो, अजून तरी कोणी झोपलेलं नाही, गणिताच्या तासाला झोपतात त्या आधीपासूनच झोपत होत्या.

संडासाची किल्ली आमच्याकडेही ऑफिसातच निघाली. आता शिपाई मावशींकडे असते, आत बादली, मग आणि झाकणाचा डबा ठेवला. डबा रिकामा कोणी करायचा यावर पंधरा दिवस राजकारण झालं ते सोडा.

हजेरी २३ पर्यंत गेली. नववीच्या नऊ. ती चेझर पहिल्याच दिवशी आली, काही बोलली नाही, सरळ जाऊन चौकात बसली. सगळं जमलंय असं नाही. आयांची मॅच पावसात वाहून गेली, ती आता बाजाराच्या दिवशी घेतोय. शेंगदाणे-गूळ दोन आठवडे चालला, मग दुकानदाराने हात आखडता घेतला. हिमोग्लोबिन झालं, बऱ्याच जणींचं कमी निघालं, गोळ्या सुरू केल्यात, जेवणानंतर माझ्यासमोरच. "आज हलकं" मात्र हिट आहे, आता मुलंही म्हणायला लागलीत.

आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकल्यापासून निम्म्या जणी म्हणतात सर, खोखो ठीक आहे पण स्मृतीसारखी बॅट पण आणा. आता बॅटीचे पैसे कुठून आणू?

खरी अडचण पुढची आहे. साखर कारखाने सुरू झालेत. २३ पैकी पाच जणींचे आईबाप ऊसतोडीला निघाले, दोन मुली परवाच गेल्या, तिघी आजीकडे राहणार म्हणतायत, बघू. गेलेल्या दोघी मार्चनंतरच येतील. त्यातली एक माझी मधल्या चौकातली, तिच्या जागी कोणाला बसवायचं यापेक्षा ती आली की तिची जागा तिला परत कशी द्यायची याचा विचार चाललाय. कोणाला काही सुचत असेल तर लिहा.

लेगिंगचं अजून झालं नाही, खोखोताई, कुठं मिळतील?


खोखोची_खुळी

२३!! सर, आज ऑफिसात परत डोळे पुसले.

त्या गेलेल्या दोघींचे नंबर वहीत खोडू नका, टीशर्ट त्यांच्या नावानेच ठेवा कपाटात. आणि फोन असेल घरच्यांकडे तर महिन्यातून एकदा टीमचा व्हिडिओ पाठवा, पालकांच्या नंबरवर अर्थात.

लेगिंग पुण्यात रविवार पेठेत होलसेलला मिळतील, मी घेऊन पाठवते, मापं कळवा, मुलींनाच एकमेकींची घ्यायला सांगा. काळ्या किंवा नेव्ही ब्लू. आणि कापड जाडच घ्यायचं, पातळ घेतलं की पहिल्याच सुरात गुडघ्यावर फाटतं.


रांगडा_गडी_कोल्हापूर

मापांबरोबर तुमचा यूपीआय नंबर पण टाका ताई. पाच लेगिंगा माझ्याकडनं. बॅटीचं बघतो.